बंद दाराचे चौदा दिवस

मी या घरात आले तेव्हापासून आठ वर्षं एक दार रोज सकाळी नऊला बंद व्हायचं आणि संध्याकाळी पाचला उघडायचं. त्या दारामागे माझी थोरली जाऊ झोपायची. मी तिला वहिनी म्हणते. इस्पितळाच्या रक्ततपासणी विभागात तिची कायमची रात्रपाळी. खिडकीला जाड काळं कापड, दारावरच्या बेलची वायर काढलेली, आणि बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून थंडीतही पंखा चालू.

नऊच्या आत कुकर उतरवायचा हा नियम सासूबाईंचा. भांडी ओट्यावर ठेवायची ती फडक्यावर. फोन आला तर जिन्यात जाऊन बोलायचं. माझे यजमान म्हणायचे, "आपल्या घरात झोपतं एक माणूस, बाकीचे पहारेकरी."

मला हसू यायचं नाही. मी पाचला उठायची. ताप आला तरी दुपारी पडले की कोणीतरी विचारायचं, चहाचं काय? माझ्यासाठी कोणी कधी दार लोटून घेतलं नव्हतं. वहिनी मात्र पाचला बाहेर आली की सासूबाई तिच्या हातात कप द्यायच्या आणि म्हणायच्या, "झाली का गं झोप नीट?" हे वाक्य माझ्या कानात अडकून राहायचं. देवापुढे बसले तरी ते सुटायचं नाही.

एकच गोष्ट माझ्या वाट्याची होती, ती म्हणजे चिमी. वहिनीची मुलगी. मी आले तेव्हा वर्षाची होती. आई रात्री कामावर, आणि वडिलांना, म्हणजे भावजींना, अंगावर छप्पर पडलं तरी जाग येत नाही. म्हणून ती माझ्याजवळ झोपायला लागली. मला मूल झालं नाही. आठ वर्षं तिचा पाय माझ्या पोटावर असायचा.

मागच्या वर्षी वहिनीची तब्येत बिघडत गेली. खाणं तेवढंच, पण अंग सुटलं. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने यायची नाही. साखर काठावर आली. भाजीत मीठ घातलं का नाही हे विचारायची आणि उत्तर ऐकेपर्यंत प्रश्न विसरायची. मी मनात म्हणायची, आठ तास झोपून ही तऱ्हा.

एकदा तिनेच मला समजावलं. "मी रोज लोकांच्या रक्तातले हार्मोन मोजते ना, त्यांना वेळ असते. अंधार पडला की मेंदू झोपेचं हार्मोन सोडायला लागतो. पहाटे दुसरं एक वाढतं, ते अंगाला उठवतं. माझ्या डोक्यावर रात्रभर ट्यूबलाइट. आणि सकाळी अंग म्हणतं ऊठ, तेव्हा मी उशी शोधत असते. भूक, साखर, पाळी, सगळं त्याच घड्याळाला बांधलेलं असतं गं." मग हसून म्हणाली, "तू तर दुपारी लसूण सोलताना बसल्या बसल्या डुलकी काढतेस. हेवा वाटतो तुझा."

मला रागच आला. माझी ती पाच मिनिटांची डुलकी, तीही हिला हवी होती.

त्याच सुमारास तिच्या विभागात दिवसपाळीची एक जागा रिकामी झाली. तिच्या वरच्या बाई म्हणाल्या, डॉक्टरची चिठ्ठी महिनाअखेरपर्यंत आण, नाहीतर जागा दुसरीला जाईल. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं आणि एक कागद दिला. चौदा दिवस झोपेची नोंद करायची. अंथरुणावर कधी पडलात, झोप कधी लागली, जाग किती वेळा आली, उठलात कधी.

कागद माझ्या हातात देऊन वहिनी म्हणाली, "मला घरी आल्यावर काही सुधरत नाही. तू बाहेर असतेसच. तूच लिही."

मी लिहिलं. दार बंद नऊ. झोप लागली नऊ वाजून पाच. उठली पाच. तिसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला आत खोकल्याचा आवाज आला. पाचव्या दिवशी पलंग दोनदा वाजला. मी पेन उचललं आणि ठेवून दिलं. जाग आली, या रकान्यात चौदाही दिवस शून्य घातलं. अक्षर छान काढलं होतं.

ती डॉक्टरांकडून आली ती चपलाही न काढता खुर्चीवर बसली.

"काय म्हणाले?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणाले, झोप उत्तम आहे. शरीराला रात्रपाळीची सवय झालीय, तेव्हा दोष कामाच्या वेळेचा नाही. चिठ्ठी देता येत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कागदावर मी एवढी झोपते. मग मला जागी असल्यासारखं का वाटतं गं? डोक्याचंच काही झालं असेल का?"

तिने माझ्यावर संशय घेतला असता तर मी भांडले असते. तिने घेतला स्वतःवर.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता मी चप्पल काढून दारापर्यंत गेले आणि कडी न वाजवता दार ढकललं. वहिनी पलंगाच्या कडेला बसली होती. डोळे टक्क उघडे. मांडीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग, आणि अंधारात चाचपून ती चिमीचे मोजे जोडीला लावत होती.

"झोपला नाहीत?"

"दहाला लागली होती थोडी. मग नाही."

"मग बाहेर का नाही आलात? तीन तास अशाच बसलात?"

"कशी येऊ?" ती हळूच म्हणाली. "तुम्ही सगळे भांडीसुद्धा फडक्यावर ठेवता. आई कुजबुजत बोलतात. आणि मी बाहेर येऊन सांगू, जागीच आहे म्हणून? लाज वाटते गं. म्हणून पाच वाजेपर्यंत आतच असते."

मी जमिनीवर बसले. "वहिनी, तो कागद मी दार बघून लिहिला."

"असू दे. तुला आतलं काय दिसणार."

इथे गप्प बसता आलं असतं. पण वर कोणीतरी सगळं बघत असतं, असं मी लहानपणापासून मानत आले आहे. "दिसलं नाही, पण ऐकू आलं होतं. खोकला, पलंग. मी लिहिलं नाही."

मोज्यांवरचा तिचा हात थांबला. "का?"

"तुम्ही दिवसा कामाला जाणार, रात्री घरी असणार. मग माझं काय राहणार होतं?"

तिने मांडीवरचा ढीग बाजूला सारला. मग म्हणाली, "मला तर वाटायचं, चिमीला तू ओझं म्हणून सांभाळतेस." आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. त्या दिवशी पाचला बाहेर आली तेव्हाही माझ्याशी बोलली नाही.

महिना संपायला नऊ दिवस होते. दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी तिच्या खोलीत स्टुलावर जाऊन बसले. तिने नको म्हटलं नाही. सात दिवस मी तिथे बसले, दर पंधरा मिनिटांनी बघून लिहिलं. सगळ्यात चांगल्या दिवशी झोप तीन तास चाळीस मिनिटं, तीही चार तुकड्यांत. झोपेत ती दात खायची. हे आठ वर्षांत घरात कोणालाच माहीत नव्हतं.

या वेळी डॉक्टरांकडे मीही बरोबर गेले. त्यांनी पहिला कागद आणि माझी वही शेजारी शेजारी ठेवली. "पहिला कोणी लिहिला?"

"मीच," मी म्हटलं. "तो खोटा आहे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग चिठ्ठी लिहायला घेतली. "लगेच फरक पडेल असं समजू नका. अंगाचं घड्याळ इतकी वर्षं उलटं फिरवलंय. सुलट व्हायला महिने लागतील. साखरेवर लक्ष ठेवा."

एक तारखेपासून वहिनी दिवसपाळीला लागली. पहिले पंधरा दिवस रात्रीही धड झोपली नाही, दुपारी कामावर पेंगली. तिसऱ्या महिन्यात पाळी आली, तेव्हा तिने ते पहिल्यांदा मला सांगितलं. मला बरं वाटलं, आणि तसं वाटलं याचंही बरं वाटलं.

पण दिवसपाळीच्या पहिल्या दिवशीचं राहिलं सांगायचं. जेवणं झाल्यावर चिमी उशी बगलेत धरून दोन्ही खोल्यांच्या मध्ये उभी राहिली. वहिनी आत अंथरूण घालत होती. चिमी तिला दिसली असेल, पण ती चादरीच्या कडा खोचत राहिली. माझ्यावर सोडलं तिने.

"काकू, आता मी कुठे झोपू?"

"आईजवळ," मी म्हटलं.

"बरं," म्हणाली आणि गेली. एकदाही वळून बघितलं नाही पोरीने.