बंदूक जमा

लोकशाहीवर माझ्या बायकोच्या धाकट्या मामांइतकं प्रेम करणारा माणूस या देशात दुसरा नसेल, हे मी कुठल्याही व्यासपीठावर उभं राहून सांगायला तयार आहे. लोकसभा असो, विधानसभा असो, महापालिका असो, निवडणूक लागणार अशी नुसती कुणकुण लागली की वटारच्या वाडीतले आमचे सुभेदारमामा लग्न ठरलेल्या मुलासारखे खुलतात. त्यांना कुणाला निवडून आणायचं नसतं, की कुणाला पाडायचं नसतं. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, एवढंच त्यामागचं कारण. मामांच्या घरी वडिलांच्या काळापासूनची, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी बंदूक होती. बाकीचे परवानेवाले शेवटच्या दिवशी कुरकुरत जातात. मामा पहिल्या दिवशी, ठाण्यात झाडू मारणं चालू असतानाच, इस्त्रीचा शर्ट घालून हजर. स्कूटरला एका बाजूला केळीचा घड आणि दुसऱ्या बाजूला मामींच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली बंदूक. एकदा तर वर्तमानपत्रात निवडणुका लवकर होण्याची शक्यता आहे, एवढंच वाचून ते निघाले होते. ठाण्यातल्या हवालदाराने, मामा, अजून जाहीर व्हायची आहे, असं समजावून त्यांना परत पाठवलं, तेव्हा आठ दिवस त्यांचा चेहरा उतरलेला होता. आणि निकाल लागून महिना उलटला तरी बंदूक परत आणायचं नाव नाही. ठाण्यातून फोन आला की म्हणायचे, "घाई काय आहे? त्यांना मतं नीट मोजून घेऊ देत."

हे मामा अठ्ठावीस वर्षं फौजेत होते. सुभेदार होऊन सुटले आणि वटारला येऊन त्यांनी वाडीची छावणी केली. केळी दोरी धरून लावलेल्या, एका टोकाला उभं राहिलं की पहिल्या केळीमागे बाकीच्या सगळ्या लपल्या पाहिजेत. एखादा कोंब रांगेबाहेर उगवला तर त्याला आधी दोन शब्द ऐकवणार आणि मग उपटणार. घरात ते वाडवळी बोलतात, माझ्याशी पुस्तकी मराठी आणि केळीशी पलटणीतलं हिंदी. जेवण तेराशे वाजता, चहा सोळाशे वाजता. आम्ही फुलपाड्याला फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीच्या दोन दिवस आधी ते एकटेच येऊन इमारतीची टेहळणी करून गेले. तीन फेऱ्या मारल्या, जिने मोजले, पाण्याची टाकी कुठे आहे ते वहीत टिपून घेतलं. साहजिकच वॉचमनने त्यांना अडवलं. मी कामावरून परत येतो तो काय, मामा वॉचमनच्या खुर्चीवर बसलेले आणि वॉचमन समोर ताठ उभा राहून रात्रपाळीला कोण असतं त्याचा अहवाल देतोय. मला बघून मामा एवढंच म्हणाले की मागची भिंत बुटकी आहे, शत्रू तिथूनच येईल. शत्रू अजून आलेला नाही, पण त्या दिवसापासून वॉचमन मला सलाम करतो. तोपर्यंत करत नव्हता.

आता या माणसाची पंचक्रोशीत ख्याती कशाची, तर शिकारीची. फौजेत जायच्या आधी, पोरवयातच, त्यांचा नेम असा होता म्हणे की नारळाच्या झावळीत बसलेलं वटवाघूळ ते नुसत्या सावलीवरून पाडायचे. निर्मळच्या यात्रेत फुगे फोडायच्या दुकानाजवळ ते दिसले की दुकानदार सामान आवरायला घ्यायचा, असं माझी बायको सांगते, आणि ती सहसा आजोळच्या बाबतीतच अतिशयोक्ती करते. या ख्यातीचे सर्वांत मोठे राखणदार म्हणजे मामांचे थोरले बंधू. त्यांना सगळे दादा म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे, आवाज चाळिशीचा. ती बंदूक वडिलांची, वडिलांनी तिच्या जिवावर वाडी राखली, म्हणून दादांच्या लेखी तुळशीवृंदावनानंतर घरात मान तिचाच. दसऱ्याला ओटीवर पाट मांडून मधोमध बंदूक ठेवायची, दोन्ही बाजूंना कोयते आणि पहार, आणि दादांनी स्वतः तिला झेंडूचं फूल वाहायचं. परवाना मामांच्या नावावर होता, पण बंदूक दादांची होती.

या घराची एक रीत होती. नवा जावई, मग तो भाचीचा का असेना, पहिल्या दिवाळीला आला की त्याला रानातलं काहीतरी खाऊ घालायचं. माझी पाळी आली तेव्हा शिकारीला बंदी येऊन जमाना लोटला होता. मामांनी तसं चाचरत सांगूनही पाहिलं, पण दादा म्हणाले, कायदा विरारपर्यंत आला असेल, वटारला अजून आलेला नाही. पहाटे मामांनी मला उठवलं. खांद्याला बंदूक, पट्ट्यात काडतुसं, पायांत पलटणीचे बूट, असा सगळा सरंजाम. आम्ही तळ्याच्या कडेला केवड्याच्या आडोशाला जाऊन बसलो. उजाडलं तशा पाणकोंबड्या बाहेर आल्या. एवढ्या जवळ, की मीसुद्धा चप्पल फेकून एखादी मारली असती. मामांची बंदूक मांडीवरच. मी खुणावलं. ते कुजबुजले, वारा उलटा आहे. थोड्या वेळाने वारा सुलटा झाला, तर म्हणाले, काडतूस दमट वाटतंय. मग म्हणाले, आधी सगळ्या बाहेर येऊ देत. सगळ्या बाहेर आल्या. मामा बोट हलवत मोजत होते, आणि चौदावी, शेवटची, लव्हाळ्यातून बाहेर आली तेव्हा त्यांनी जो सुस्कारा सोडला तो मी आजही विसरलेलो नाही. आपली माणसं घरी पोचल्याचा फोन आल्यावर आपण सोडतो, तसा होता तो.

मग उठून, पँट झटकून, त्यांनी मला स्कूटरवर घातलं आणि थेट सोपाऱ्याच्या बाजारात नेलं. तिथे एक गावठी कोंबडा घेतला, तिथेच साफ करून घेतला आणि केळीच्या पानात बांधला. घरी आल्यावर रानकोंबडा म्हणून तो मामींच्या हवाली झाला. कोंबड्याच्या तंगडीला बाजारातली सुतळी तशीच राहिली होती, ती मी सगळ्यांच्या नजरा चुकवून खिशात घातली. मामांनी ते पाहिलं आणि त्या क्षणापासून आमची दोस्ती जमली. दादांनी तिसऱ्यांदा रस्सा वाढून घेतला आणि रानातल्याची चवच वेगळी, बाजारच्या कोंबड्यांना ती यायची नाही, असा निकाल दिला. मामा खाली मान घालून भात कालवत राहिले.

त्यानंतर कितीतरी रविवारी मी मामांबरोबर 'शिकारीला' गेलो. बंदूक असायची, बूट असायचे आणि थर्मासमध्ये चहाही असायचा. परत यायचो रिकाम्या हातांनी. ओटीवरून दादा विचारायचे, काय रे, आज काय? मामांचं उत्तर ठरलेलं, आज थोडक्यात चुकलं. अशी वर्षानुवर्षं थोडक्यात चुकणारी शिकार जगात दुसरीकडे कुठे झाली नसेल. मला हे गमतीचं वाटायचं. पण मामांना खोटं बोलणं जमत नाही हेही मला दिसायचं, दर रविवारी त्या एका वाक्यापाशी त्यांचा आवाज पडायचा.

गेल्या उन्हाळ्यात परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली. मामा एका दुपारी, बरोबर सोळाशे वाजता, आमच्या घरी फुलपाड्याला आले. सोबत सुकेळीचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा पुडा. म्हणाले, जावईबापू, अर्ज लिहून द्या, तुमचं अक्षर चांगलं आहे. मला वाटलं नूतनीकरणाचा. तर म्हणाले, नाही, बंदूक कायमची जमा करायची आहे. मी कागद घेतला आणि विचारलं, कारण काय लिहू? मामा म्हणाले, नजर कमी झाली, असं लिहा. हे म्हणताना ते आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवर बसलेल्या पाखराच्या चोचीचा रंग मला सांगत होते. मग म्हणाले, हात कापतो असं लिहा, आणि पाच मिनिटांपूर्वीच त्यांनी माझ्या बायकोला पहिल्याच फटक्यात सुई ओवून दिली होती. मी विमा कंपनीत नोकरी करतो, खोटी कारणं वाचण्यात माझी हयात गेली आहे. मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, मामा, खरं काय ते सांगा.

मामा बराच वेळ सुकेळीच्या पुड्याची गाठ सोडत बसले. मग म्हणाले, "वर, सरहद्दीवर, आमची चौकी होती. सगळीकडे बर्फ. समोरून मारा सुरू झाला की तास तास डोकं वर काढता यायचं नाही. उरलेला भात आम्ही बाहेर टाकायचो, तो खायला चकोर यायचे. मारा सुरू झाला की उडून जायचे. मग सगळं शांत व्हायचं, पण मारा खरंच थांबलाय की समोरचे नुसते दम खातायत, ते कळायचं नाही. आम्ही फटीतून बघत बसायचो. चकोर परत येऊन दाणे टिपायला लागले की मग कोणीतरी चहा ठेवायचा. एक दिवस चकोर आलेच नाहीत. त्या दिवशी आमच्यातली दोन पोरं गेली." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तेव्हापासून पाखरू निवांत खाताना दिसलं की मला वाटतं, आजचा दिवस निभावला. त्याच्यावर बंदूक कशी धरू, सांगा."

मी पेन पुन्हा उचललं. मी अर्जात लिहिलं, 'अर्जदारास शस्त्र बाळगण्याची इच्छा राहिलेली नाही.' मामांनी ते दोनदा वाचलं, सही केली आणि विचारलं, पण हे दादांना कोण सांगणार? जो माणूस गोळ्यांच्या पावसात अठ्ठावीस वर्षं उभा राहिला, तो थोरल्या भावाच्या विचाराने घामाघूम झाला होता. दादांनी बोलणं टाकलं तर या वयात कुणाकडे बघू, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

तरी त्यांनी सांगितलं. मी साक्षीला होतो. दादा ओटीवर बसलेले, मामा समोर सावधान. दादांनी विचारलं, बंदूक कोणी मागितली का? कोणी नाही, मामा म्हणाले, मलाच नको आहे. तुला नको असेल, दादा म्हणाले, घराला नको आहे का? यावर मामांनी गप्प राहायला हवं होतं. पण एकदा खरं बोलायला लागलेला माणूस मध्ये थांबत नाही, त्यामुळे त्यांनी सगळंच सांगून टाकलं. चकोर, पाणकोंबड्या, दर रविवारचं थोडक्यात चुकणं, आणि शेवटी माझ्या पहिल्या दिवाळीचा तो बाजारचा कोंबडा. बंदुकीचं दादांनी कसंबसं ऐकून घेतलं असतं, पण कोंबडा त्यांना फार लागला. ते उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी मामांनी कुठलीही निवडणूक नसताना बंदूक जमा केली आणि दादांनी बोलणं टाकलं.

चार महिने हे चाललं. दोघे भाऊ एकाच ओटीवर, हातभर अंतरावर बसायचे आणि दादा मला सांगायचे, जावई, त्याला सांगा पंप बंद करायला. मामा उठून पंप बंद करायचे आणि मला सांगायचे, दादांना सांगा, केला. आम्ही हसायचो, पण मामांची अन्नावरची वासना उडाली. तळ्यावर जाणं बंद झालं. एका रविवारी मला केळीच्या रांगेत, अगदी मधोमध, हातभर वाढलेला एक कोंब दिसला. मामा त्याच्या शेजारून तीनदा गेले, त्यांना तो दिसलाच नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरलो आणि अर्ज लिहून दिल्याचं मला मनापासून वाईट वाटलं.

दसऱ्याला आम्ही वटारला गेलो. ओटीवर पाट मांडले होते, कोयते आणि पहार घासूनपुसून ठेवली होती, आणि मधला पाट रिकामा होता. त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं, म्हणजे सगळे त्याच्याकडेच बघत होते. मामा दारापाशी उभे होते, आत येऊ की नको अशा पेचात. दादा धूतवस्त्र नेसून आले, बसले, कोयत्यांना हळदकुंकू लावलं आणि मधल्या पाटापाशी येऊन त्यांचा हात थांबला. मग माझ्याकडे बघून ते म्हणाले, "जावई, त्याला सांगा, मधला पाट रिकामा ठेवायचा नसतो. येऊन बस म्हणावं."

मी काही सांगायच्या आधीच मामा आले आणि कोयते अन् पहार यांच्या मधल्या पाटावर मांडी घालून बसले. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. दादांनी त्यांच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि ताटातलं सर्वांत मोठं झेंडूचं फूल उचलून त्यांच्या पांढऱ्या केसांवर ठेवलं. मामांना हुंदका आला, खांदे हलले, फूल घसरायला लागलं. दादांनी ते पुन्हा सारखं केलं आणि चार महिन्यांत पहिल्यांदाच थेट त्यांच्याशी बोलले.

"हलू नकोस," दादा म्हणाले, "फूल पडेल."

आरती होईपर्यंत मामा जागचे हलले नाहीत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पुसायला हात उचलला तर फूल पडलं असतं, म्हणून त्यांनी ते वाहू दिलं. आरती संपली, तबक सगळ्यांपुढे फिरून परत आलं, तरी त्यांना कोणी ऊठ म्हणालं नाही, आणि तेही उठले नाहीत.