गौतमचंद आभाळात असेपर्यंत

सुगनबाईंना प्रश्न फार पडत, आणि पडले की त्या माझ्या ओट्यावर येत. भूगोल शिकवणारा मास्तर शेजारी राहतो तो याच कामासाठी, अशी त्यांची पक्की समजूत. भुसावळहून सुटलेलं इंजिन जळगावला येईपर्यंत किती पाणी पितं, हे विचारून त्यांनी माझी दुपारची झोप मोडलेली आहे. मी वैतागायचो. पण त्या आल्या नाहीत तर दिवस अळणी जायचा, हेही खरं.

अडतीस सालच्या वैशाखात त्यांचा थोरला, गौतमचंद, कापसाच्या सौद्यासाठी लंडनला निघाला. तोही कराचीहून विमानानं. वाट पाच हजार मैलांची. "हवेत पस्तीसेक तास, बस्स!" नवरा दलिचंदशेठ पेढीवर सगळ्यांना ऐटीत सांगत होते. बाईंनी तडक जैन स्थानक गाठलं आणि साध्वीजींसमोर नेम घेतला, गौतम आभाळात असेपर्यंत अन्नपाणी वर्ज्य. दीड दिवसाचा तर प्रश्न!

मी म्हटलं, "अक्का, पस्तीस तास नुसते उडण्याचे. विमान उजाडल्यावर उडतं, अंधार पडायच्या आत उतरतं. मुक्काम धरून चार दिवस लागतात."

"मग रात्री उतरलं की जेवीन," असं म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली. सूर्य मावळल्यावर त्यांच्या घरात पाण्याचा थेंबही चालत नसे. मुलगा दिवसभर आभाळात, आणि यांचं जेवणखाण काय ते दिवसाच! चार दिवस निर्जळी, जळगावचं ऊन आणि वय साठीचं. शेठनी अक्षरशः हात जोडले, "नेम सोड."

"तो वर असताना?" बाई एवढंच म्हणाल्या. मला खरंच भीती वाटली.

मग त्यांनी विचारलं, "मास्तर, कराचीला सूर्य आपल्याबरोबरच उगवतो का हो?"

"नाही. ती पश्चिमेला. अर्धा तास तरी उशिरा."

"आणि पुढच्या मुक्कामी?"

"बसऱ्याला? जवळजवळ दोन तास."

बाई टुणकन उठल्या. "म्हणजे इथं उजाडलं तरी तिथं अंधारच. गौतम जमिनीवर!"

हा धडा मी पोरांकडून किती वर्षं घोकून घेतला होता. त्यात कुणाचं जेवण असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

पहिल्या सकाळी त्यांनी घाईघाईनं पाणी आणि खाखरा घेतला. दुसऱ्या दिवशी निवांत फुलका खाल्ला. तिसरा मुक्काम अलेक्झांड्रियाचा, म्हणजे हातात चांगले तीन तास. शेठ खुशीत, मीही. म्हटलं, "आज पोटभर जेवा, अक्का. भरपूर वेळ आहे."

त्यांचा हात ताटावरच थांबला. "वेळ वाढला म्हणजे गौतम तेवढा लांब गेला ना, मास्तर?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्यांचे डोळे भरून आले. तशाच म्हणाल्या, "मग परत येताना हा वेळ रोज कमी होत जाईल?"

"होईल. शेवटी पुन्हा अर्ध्या तासावर येईल."

"मग परतीलाही हाच नेम," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले आणि फुलका मोडला.