चौथे शील

उदबत्तीचा धूर, सारवलेल्या भुईचा ओलसर गंध आणि त्यातून वर येणारा बाबांचा खर्जातला स्वर. आष्ट्याजवळच्या आमच्या वस्तीतल्या विहाराची सायंकाळ मला अशी आठवते. पलटणीतून निवृत्त होऊन आलेले बाबा वंदना सांगत, आम्ही सारे त्यांच्यामागून म्हणत असू. पण पंचशीलातले चौथे शील, खोटे न बोलण्याचे, आले की नेमकी त्यांना खोकल्याची उबळ येई. मग आईचा आवाज जरा चढे आणि वंदना पुढे सरके.

हे सुरू झाले बहात्तरच्या दुष्काळात. माझा चार वर्षांचा भाऊ राहुल मिरजेच्या दवाखान्यात घटसर्पाने घुसमटत होता. धर्मांतराच्या वेळी बाबांनी घरातले देवीचे टाक स्वतःच्या हातांनी कृष्णेत सोडले होते. आता शेजारणी कुजबुजू लागल्या, देवी कोपली. व्हरांड्यात आई बाबांच्या पायांशी बसली. "आवं, एक डाव देवीला नारळ फोडा. माजं ल्येकरू वाचंल." बाबा चारचौघांदेखत तिच्यावर कडाडले, "ह्यासाठी दीक्षा घेतली व्हय? लय कच्ची हायस तू." आणि तरातरा बाहेर निघून गेले. ते तासाभराने परतले. दुसऱ्या दिवशी दुपारी राहुल गेला.

दुःखातून माणूस वाढतो, चिखलातून कमळ उगवते, असे तुम्हीही ऐकले असेल. आमच्याकडे त्या साली चिखलसुद्धा वाळून गेला होता. दुःख आहे, त्याला कारण आहे, पण ते कुणाच्या कोपाचे फळ नव्हे, एवढे मनाला पटवता पटवता आईचे केस पिकले. पुढे वस्तीत कुणाचेही पोर तापले की ती आधी तिथे जाऊन बसे. "आजार हाय बाई ह्यो, शिक्षा न्हवं," म्हणे, आणि त्या बाईला हाताला धरून दवाखान्यात नेई. याला वाढणे म्हणावे का? मला ठाऊक नाही. तिला मोकळे हसू मात्र पुन्हा कधी आले नाही.

राहुल गेल्यानंतर चार वर्षांनी वैशाखी पौर्णिमेला ती खिरीसाठी तांदूळ निवडत होती. बाबा येऊन समोर बसले. मी तिथेच होते.

"त्या दिशी तुला बोललो, आन् भाइर जाऊन मीच नारळ फोडला. आजवर लपिवलं."

आईने सुपावरची नजर काढली नाही. "ठावं हाय मला. सदऱ्यावर डाग व्हतं पाण्याचं. खोबऱ्याचा वास येत व्हता."

कच्चेपणाचा तो बोल तिने चार वर्षे एकटीने वाहिला होता. माझा जीव तुटला. मग तू बोलली का नाहीस, असे मी तिला विचारले.

"काय बोलायचं? पोराचं बाप व्हतं की त्ये."

बाबांनी सूप थोडे आपल्याकडे ओढून घेतले आणि तेही तांदूळ निवडू लागले. बराच वेळ दोघांनाही खडा काही दिसेना.