सोळा हातांचं पाळणाघर

आक्का नगरसभेची इतिवृत्तं लिहायची. सभेत कोण काय बोललं ते टिपायचं, वहीत नीट उतरवायचं आणि पुढच्या सभेच्या आरंभी मोठ्यानं वाचून दाखवायचं. सगळ्यांनी हात वर केले, की ते कायम झालं. बावीस वर्षं हे काम करूनही ती कंटाळली नाही. उलट सभा संपली की घरी येऊन सुनेला सगळ्यांच्या नकला करून दाखवायची, आणि सासू-सुना डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायच्या.

सभेत सोळा माणसं. आठ छत्रीवाले, आठ शिडीवाले. ही त्यांची निवडणुकीतली चिन्हं. संख्या सारखी, म्हणून अध्यक्षपद एक वर्ष यांच्याकडे, एक वर्ष त्यांच्याकडे. खुर्चीबरोबर मतंही फिरायची. ज्यांचा अध्यक्ष ते म्हणत, सरकार म्हणजे मायबाप, त्यानं लोकांचं सगळं बघावं. समोरचे म्हणत, सरकारनं रस्ते करावेत, गटारं उपसावीत आणि गप्प बसावं. वर्ष पालटलं की हीच वाक्यं टेबलाच्या या बाजूची त्या बाजूला जात, आणि म्हणताना कुणाची जीभ अडखळत नसे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

पूर्वी एकदा इतिवृत्तातल्या नावांवरून हमरीतुमरी झाली होती. तेव्हापासून आक्का नावं घालायचीच नाही. ‘अध्यक्षांची बाजू म्हणाली’, ‘समोरची बाजू म्हणाली’, एवढंच.

चार वर्षं एक विषय रेंगाळत होता. सभागृहाच्या मागं दोन खोल्या रिकाम्या होत्या. तिथं कामाला जाणाऱ्या बायांच्या मुलांसाठी पाळणाघर काढायचं. ज्यांचा अध्यक्ष, ते विषय मांडत. समोरचे विरोध करत. आठाला आठ पडत आणि विषय पुढं ढकलला जाई. आक्का एरवी यावर हसायची, पण यंदा तिच्या घरात दीड वर्षांची नात होती.

सून विजेची बटणं बनवणाऱ्या कारखान्यात होती. हात असा बसलेला, की मशीन बिघडलं तर लोक आधी तिला हाक मारायचे. आता तिला विभागाची मुख्य करणार होते. मुलगा मालगाडीवर, चार-चार दिवस बाहेर. नातीला सांभाळणाऱ्या शेजारच्या काकू महिनाअखेरीस मुलाकडे राहायला चालल्या होत्या. सभेच्या दिवशी सकाळी सून म्हणाली,

“आई, मी उद्या राजीनामा देते. उगाच त्यांना लटकवून ठेवायला नको.”

“आजची सभा तर होऊ दे.”

“चार वर्षं होतायत तुमच्या सभा,” सून म्हणाली. रागानं नाही, आणि तेच आक्काला लागलं.

त्याच तंद्रीत तिनं सभागृहातल्या कपाटातून वही काढली. मागच्या महिन्यातही पाळणाघरावरच वाद झाला होता, तो वाचायचा होता. सभा भरल्यावर ती वाचू लागली आणि तिसऱ्या वाक्याला चपापली. हातात वही गेल्या वर्षीची होती.

थांबायला हवं होतं. पण तिनं मान वर केली, तर समोर सगळे डोलत होते. यंदाचे अध्यक्ष छत्रीवाले मास्तर. ‘रडणारं मूल कुठल्या पक्षाचं, हे सरकारनं विचारू नये,’ या वाक्याला त्यांनी समाधानानं डोळे मिटले. ‘आज पाळणे हलवाल, उद्या अंगाई म्हणाल,’ याला शिडीवाल्यांचे पुढारी, औषधवाले शेठ, टेबल बडवून दाद देत होते. मग आक्का थांबली नाही. अगदी शेवटापर्यंत वाचून तिनं विचारलं, “कायम?”

सोळा हात वर झाले.

मग ती म्हणाली, “माफ करा, माझी चूक झाली. ही वही गेल्या वर्षीची आहे.”

तिनं वही फिरवून पानावरची तारीख सगळ्यांना दाखवली.

“रडणाऱ्या मुलाचं वाक्य अध्यक्षांचं नाही, शेठजींचं आहे. तेव्हा खुर्ची त्यांच्याकडे होती. आणि अंगाईचं वाक्य मास्तरांचं. माझा हिशेब इतकाच आहे साहेब, की गेल्या वर्षी आठ जण हो म्हणाले, यंदा उरलेले आठ हो म्हणतायत. सोळा झाले. मग घोडं अडलंय कुठं?”

शेठजींचं पोट हसण्यानं हलायला लागलं.

“मास्तर, माझ्या वाक्याला डोळे मिटलेत होय?”

“आणि तुम्ही माझ्या वाक्याला टेबल बडवलंत,” मास्तर म्हणाले. त्यांनाही हसू आवरेना. दोघंच हसताहेत म्हटल्यावर बाकीच्यांनी का मागं राहावं? त्याच हशात मतं घेतली गेली. सोळाच्या सोळा. पाटीवर नाव कुणाचं, यावर मात्र तासभर भांडण झालं. शेवटी नुसतं ‘पाळणाघर’ लिहायचं ठरलं, कारण दुसरं काही ठरेचना.

चुकीची वही वाचल्याबद्दल आक्काला लेखी समज मिळाली, बावीस वर्षांतली पहिली. सुनेनं तो कागद तीनदा वाचला आणि सासूच्या गळ्यात पडली. राजीनामा तिनं दिला नाही.

पाळणाघर उघडलं त्या सकाळी आक्का नातीला घेऊन गेली. दार उघडताच पोरगी बोट सोडून आत पळाली, आतल्या बाईंच्या ओच्यातले लाकडी ठोकळे तिनं ओढून घेतले आणि मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. आक्का दारातच उभी राहिली.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत सुनेचा फोन आला. मागं मशीनची घरघर चालू होती.

“आई, रडली का हो ती?”

“ती कशाला रडतेय,” आक्का नाक पुसत म्हणाली. “मीच रडले.”