पुठ्ठ्यावरचे दोन दाणे

वहिनींचा धारहून फोन आला तेव्हा मी देवासच्या घरी किराण्याची यादी करत होते. "कुमुद, हे गेले गं..." एवढंच त्या बोलू शकल्या. मी फोन ठेवला आणि यादी पुढे लिहायला घेतली. तूरडाळ, पोहे, साबण... आणि मग हात थांबला. त्याला आज दीड महिना होईल.

मधूदादा माझा मावसभाऊ. धारच्या शाळेत आम्ही बारा वर्षं बरोबर शिकवलं. तो इंग्रजी, मी गणित. सामानाचं रजिस्टरही माझ्याकडे असायचं. त्यामुळे शाळेत चार कॉम्प्युटर आले तेव्हा खोलीची किल्लीही माझ्याकडे आली. "काही बिघडलं तर जबाबदार तुम्ही," मुख्याध्यापकांनी बजावलं होतं. मी चारही कॉम्प्युटरना खोळी शिवून घेतल्या आणि कुलूप लावलं.

दादा रोज यायचा. "अगं, पुढे या पोरांना याच्याशिवाय कोणी दारात उभं करणार नाही. एक तास दे."

"लेखी परवानगी आण, दादा."

मुख्याध्यापक लेखी काही देत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

मग त्याने खोक्यांचे पुठ्ठे कापले आणि त्यांवर अक्षरं रेखून चाळीस कीबोर्ड केले. तरुणपणी तो टाइपरायटरवर शिकला होता, तसंच शिकवू लागला. शाळा सुटल्यावर मुलं व्हरांड्यात बसायची, नजर समोरच्या कागदावर, बोटं पुठ्ठ्यावर. खाली बघायचं नाही, हा त्याचा नियम. ड्रॉइंगचे सर जाता-येता टोमणा मारायचे, "क्यों भिया, बिना सुर का हारमोनियम?" दादा म्हणायचा, "सुर ऊपर के कमरे में बंद हैं. चाबी मेरी बहन के पास है." सगळे हसायचे. मीही हसायचे.

सरदारपूरकडची रेखा त्या मुलांत सगळ्यांत तेज. बारावीनंतर देवासच्या एका कारखान्याच्या ऑफिसात तिला टायपिंगच्या परीक्षेला बोलावलं. तिच्या वडिलांनी एवढी एकच संधी दिली होती: ही नोकरी, नाहीतर लग्न. दादा स्वतः तिला बसने घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी तो स्टाफरूममध्ये माझ्यासमोर बसला. "सगळ्यांच्या आधी पान संपवलं गं तिने. मान वर केली नाही. आणि कागदावर एक शब्द धड नाही. सुरुवातीलाच बोटं एक घर बाजूला पडली होती, म्हणून सगळं पान तसंच." मग म्हणाला, "खऱ्या कीबोर्डवर दोन अक्षरांवर बारीक उंचवटा असतो म्हणे. बोटं तिथे ठेवायची. माझ्या टाइपरायटरला तो नव्हता. मला कुठे माहीत होतं..."

एकदा कुलूप उघडलं असतं, तर पहिल्याच दिवशी दोघांच्याही बोटांना ते कळलं असतं. हे तो बोलला नाही. किल्लीही त्याने पुन्हा कधी मागितली नाही. व्हरांड्यातला वर्ग बंद झाला, त्याच उन्हाळ्यात रेखाचं लग्न झालं. पुढे माझी बदली झाली, तेव्हा खोळींखालच्या वायरी उंदरांनी खाल्लेल्या निघाल्या. "चार कॉम्प्युटर, निकामी" ही नोंद माझ्याच अक्षरात आहे.

तेराव्याला वहिनींनी दादाचं कपाट माझ्यापुढे उघडलं. "तूच बघ काय ठेवायचं ते." तळाशी सुतळीने बांधलेला पुठ्ठ्यांचा गठ्ठा होता. अक्षरं झिजून गेलेली. मी डोळे मिटून एका पुठ्ठ्यावर बोटं ठेवली, तर दोन्ही तर्जन्यांखाली काही टोचलं. डिंकाने चिकटवलेले मोहरीचे दाणे. चाळीसही पुठ्ठ्यांवर, नेमके दोन-दोन. वर्ग बंद झाल्यावर, कोणी शिकायला येणार नसताना, त्याने ते बसवले होते.

सगळ्यांत खालच्या पुठ्ठ्यामागे रेखाचं नाव होतं. त्यावरही होते.