टवका पडलेला शिंपला

द्वारका चौकातल्या सिग्नलला रिक्षा अडकली होती, तेव्हा भाच्याचा फोन आला. आक्का गेली. तिच्याकडे न्यायच्या कैऱ्यांची पिशवी माझ्या मांडीवर होती. ती घट्ट धरून बसून राहिले... थोरल्या बहिणीसाठी रडायचं, तर मागचा टेम्पो हॉर्न वाजवायचा थांबेना.

आक्काचं सासर धरणाच्या फुगवट्याला लागून, भाजीपाल्याचं शेत. चैत्रात पाणी उतरलं, की आम्ही दोघी चिखलात शिंपले वेचायला जायचो. शिंपल्याच्या पाठीला दगडावर घासून भोक पाडलं, की कैरी सोलायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण जिवंत शिंपल्याला हात लावायचा नाही, पाखराने खाऊन टाकलेलाच घ्यायचा, हा आक्काचा नियम. मी उचललेला प्रत्येक शिंपला ती उलटसुलट करून बघायची. "ही कावळ्याची करणी. आपटून पार भुगा केला. लय हावरट." कडेला नखाएवढा टवका दिसला, की मात्र खूश. "हा करकोचा. कसा चोच घालून बेतानं जेवलाय बघ, पंगतीत बसल्यावानी." माणसांनाही तिचं हेच माप होतं. माझ्या नवऱ्याला तिने पहिल्याच जेवणात कावळ्यांत काढलं होतं!

आक्का डावरी. डाव्या हाताने वाढायचं नाही, ही सासूची बंदी सासू गेल्यावरही तिने मोडली नाही. वाढणं, आरती, हळदीकुंकू, सगळं उजव्या हाताने, अवघडत. मला भयंकर राग यायचा. "अगं, आता कोण बघतंय?"

"शिंपला हाय ना माझ्याकडं," ती हसायची. कैऱ्या सोलताना तिचा डावा हात असा चालायचा, की बघत राहावं.

तेराव्यानंतर तिची सून सविता हिने शिंपल्यांचा डबा पुढे केला. "मावशी, आईंची आठवण म्हणून एक न्या. पण यातला त्यांचा कुठला, काय कळत नाय."

मी एकेक उन्हात धरून पाहिला. एकाच्या कडेला करकोच्याचा टवका होता, आणि भोकाची धार उलट्या बाजूने झिजलेली. डाव्या हाताची झीज. मग मात्र मला रडू आवरलं नाही.

काल लोणच्याच्या कैऱ्या सोलायला बसले. उजव्या हातात तो शिंपला नुसता घसरत होता. डाव्यात घेतला, अंगठा टवक्यात बसला, आणि साल निघाली... जाडीभरडी, निम्म्या गरासकट. आक्का असती तर म्हणाली असती, कावळ्याची करणी.