वाकळेत गेलेलं अंगुस्तान

सासूबाईंचे वडील हुपरीला चांदीकाम करायचे. लेकीच्या बोटाच्या मापानं त्यांनी चांदीचं अंगुस्तान घडवलं होतं, म्हणजे सुई रेटताना बोटात घालायची टोपी. कडेनं वेल, वेलीत दोन मोर. सासूबाईंची नजर गेली तेव्हा वाकळा शिवायचं काम आणि ते अंगुस्तान माझ्याकडं आलं. मला ते सैल व्हायचं.

दोन हजार सालाच्या आगेमागे कागलच्या एका बाईंची आई वारली. आईच्या जुन्या लुगड्यांची वाकळ त्यांना हवी होती. त्या दिवसांत मी दोन घरची धुणीभांडी उरकून कोल्हापुरातल्या आमच्या खोलीत शिवायला बसायची. बसल्या बसल्या डुलकी लागायची. शेवटची कड घालताना अंगुस्तान निसटून थरांच्या आत गेलं आणि मी वरून टाके घातले. बोट दुखत होतं, तरी ध्यानात आलं नाही. सकाळी वाकळ पोचती केली. मग सगळी खोली हुडकली, तेव्हा उमजलं. सासूबाईंना म्हटलं, कुठंतरी ठेवलंय, सापडेल.

एसटीनं परत कागलला गेले. खरं सांगायचं धाडस होईना. कडेचा टाका सैल राहिलाय वाटतं, बघते, एवढंच म्हणाले. चाचपत गेले, कोपऱ्याजवळ ते हाताला लागलं. चार टाके उसवून बाहेर काढलं. बाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी ते माझ्या हातातनं घेतलं.

"आईच्या लुगड्यात हुतं की हे. काय हाय ओ मावशी?"

"शिवताना बोटात घालत्यात."

"म्हंजे आई शिवायची व्हय? आमाला कदी दिसली न्हाई." त्यांनी ते डोळ्यांना लावलं आणि रडायला लागल्या. आई गेल्यापासून रडूच आलं नव्हतं, असं मधेच म्हणाल्या.

माझं आहे, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातनं निघालं, "शिवत असतील."

टाके घातले, चहा घेतला आणि निघाले.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"मोर बघितलं का तिनं?"

"न्हाई."

"घासत जा म्हणायचं हुतंस तिला. चांदी काळी पडती."

एवढं बोलून त्या आडव्या झाल्या. मी भाकरी थापायला बसले.